डावीकडचं अर्धं दिसत नसताना सायकल कशी चालवायची

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकतो. फील्ड म्हणजे नजर समोर ठेवून आजूबाजूला जेवढं दिसतं तेवढं, ते गेलं म्हणजे त्या बाजूला काळं दिसतं असं सगळ्यांना वाटतं, मलापण वाटायचं. तसं नसतं. आत्ता तुमच्या पाठीमागं काय दिसतंय सांगा बरं? काळं दिसतंय का? नाही ना, काहीच दिसत नाही, आणि काही दिसत नाही हेसुद्धा जाणवत नाही. माझ्या डावीकडं तसं आहे. वर मेंदू इतका हुशार की ती रिकामी जागा आजूबाजूच्या रस्त्यानं भरून टाकतो, म्हणजे मला डावीकडं छान मोकळा डांबरी रस्ता असल्यासारखं वाटतं आणि तिथं खरं म्हणजे पेरूची हातगाडी उभी असते. हे मी मनाचं सांगत नाहीये, हातगाडीवरच जाऊन आदळलोय. पेरू रस्ताभर झाले, बाई म्हणाली दादा दिसत नाही का, आणि त्याला काय उत्तर द्यायचं ते मला आजपर्यंत सुचलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी स्ट्रोक झाला, मेंदूच्या मागच्या भागात, उजव्या बाजूला. हातपाय वाचले, बोलणं वाचलं, दोन्ही डोळ्यांची डावी अर्धी बाजू गेली. लोक म्हणतात डावा डोळा गेला. डोळा नाही गेला हो, डोळे दोन्ही ठणठणीत आहेत, तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतो मी. दोन्ही डोळ्यांनी जे दिसतं त्याची डावी बाजू गेली, याला हेमिॲनोपिया म्हणतात. सुरुवातीला एसटीवरच्या 'सांगली'ची मला नुसती 'गली' दिसायची आणि 'हरिपूर'चं 'पूर'. हसू यायचं आणि रडूपण.

पुढचं सगळं माझ्या डाव्या बाजूच्या हिशोबानं लिहिलंय. तुमची उजवी गेली असेल तर कुठं काय उलटं होतं ते मध्ये मध्ये सांगतो. काचबिंदू आणि आरपीवाल्यांसाठी (आरपी म्हणजे रेटिनायटिस पिग्मेंटोसा, डोळ्याच्या पडद्याचा आजार) पण थोडं आहे.

आधी ठरवा, चालवायची का

आपल्याकडं सायकलला लायसन लागत नाही, त्यामुळं तुम्हाला कोणी अडवणार नाही, आणि म्हणूनच हा निर्णय स्वतःच्या मनानं घ्यायचा नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना आणि मेंदूच्या डॉक्टरांना, दोघांनाही सरळ विचारा की मी रस्त्यावर सायकल चालवू का. 'जपून राहा' हे उत्तर घेऊन बाहेर पडू नका, हो की नाही ते विचारा.

काही लोकांनी चालवायचीच नाही. स्ट्रोकनंतर काहींना नेग्लेक्ट नावाचा प्रकार होतो, बहुतेक वेळा डाव्या बाजूचा. ते वेगळं असतं. फील्ड गेलेल्या माणसाला एकदा समजलं की ध्यानात राहतं की आपल्याला डावीकडचं दिसत नाही, मग तो मान वळवतो. नेग्लेक्टवाल्याला डावी बाजू आहे हेच ध्यानात येत नाही, त्याला घड्याळ काढायला सांगितलं तर सगळे आकडे उजव्या अर्ध्यात कोंबतो, ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. अशा माणसाला कितीही शिकवलं तरी ऐन वेळी तो डावीकडं बघणारच नाही, त्यामुळं डॉक्टरांकडून हे तपासून घेतल्याशिवाय सायकलला हात लावू नका. फिट येत असतील, एका हातानं ब्रेक घट्ट दाबता येत नसेल, चालताना तोल जात असेल तरीपण नाही. आणि स्ट्रोक नवा असेल तर पहिले तीन-चार महिने घाई करू नका, काही लोकांचं फील्ड त्या काळात आपोआप थोडं परत येतं. माझं नाही आलं, पण तुमचं येऊ शकतं.

आपल्या भोकाचा, म्हणजे न दिसणाऱ्या जागेचा, नकाशा काढा

फील्ड टेस्ट झाली असेल, त्या यंत्रात हनुवटी टेकवून लाइट दिसला की बटण दाबायचं ती. तिचा कागद फाइलमधून बाहेर काढा आणि डॉक्टरांना विचारून समजून घ्या. यात एक गोम आहे. नेहमी जी टेस्ट करतात तिला २४-२ म्हणतात, ती मध्यापासून प्रत्येक बाजूला साधारण २४ अंशांपर्यंतच बघते. दोन्ही डोळे मिळून निरोगी माणसाला आडवं जवळजवळ १८० अंश दिसतं, मग बाकीच्या कडांचं काय? सायकलवाल्याला कडाच तर लागतात. म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवून करायची एस्टरमन टेस्ट होते का विचारा, ती बाजूला लांबपर्यंत तपासते.

आणि एक घरी करायचं. बायकोला समोर मीटरभरावर बसवा, तिच्या नाकाकडं बघा, नजर हलवायची नाही, आणि तिनं बाहेरून आत बोट हलवत आणायचं, दिसलं की सांगायचं. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी. आमची ही पहिल्याच दिवशी म्हणाली, "अहो, माझा अर्धा चेहरा तुम्हाला दिसत नाही आणि तुम्ही तीन महिने बोलला नाहीत?" मलाच माहीत नव्हतं. हे टेस्टच्या ऐवजी नाही, पण घरच्यांना समजतं की तुम्हाला काय दिसत नाही, आणि ते फार उपयोगी पडतं.

आता ज्याचं भोक जिथं, त्याचा धोका तिथं. डावी गेली तर बोळातून येणाऱ्या गाड्या, उभ्या गाडीचं उघडणारं दार, कुत्री, आणि रस्त्याच्या कडेकडेनं राँग साइडनं येणारे स्कूटरवाले. उजवी गेली तर ओव्हरटेक करणारी आणि समोरून अंगावर येणारी वाहनं. काचबिंदूत खालचा भाग गेला असेल तर खड्डे आणि स्पीडब्रेकर, वरचा गेला असेल तर लोंबणाऱ्या फांद्या, वायरी. काचबिंदूत आणखी एक आहे, एका डोळ्याचं भोक दुसरा डोळा झाकतो त्यामुळं वर्षानुवर्षं कळतच नाही. आणि आरपीमध्ये आधी रात्रीचं जातं, मग कडा आत आत येत जातात आणि नळीतून बघितल्यासारखं होतं.

पायी शिका, तेही गर्दीत

सायकलीला हात लावायच्या आधी मी दोन महिने नुसता चाललो. आमच्या सांगलीतला मारुती रोड, हरभट रोड, बाजाराच्या दिवशी. नियम एकच, नजर आधी आंधळ्या बाजूला टाकायची, आणि मोठी टाकायची. आपण सवयीनं छोट्या छोट्या उड्या मारत नजर नेतो, अर्ध्यातच थांबतो आणि वाटतं बघितलं. तसं नाही. एकदम लांब, खांद्यापर्यंत, मग तिथून हळूहळू उजवीकडं परत यायचं. डाव्या बाजूच्या दुकानांच्या पाट्या मोजायच्या, सोबतच्या माणसानं खऱ्या मोजायच्या, मग ताळा करायचा. पहिल्या दिवशी माझ्या अकरा आणि मुलाच्या एकोणीस. हा ताळा रोज जुळायला लागेपर्यंत मी सायकलीचं नाव काढलं नाही.

इथं मला एक गंमत सापडली, जी कुठल्या डॉक्टरनं सांगितली नव्हती. माझ्यासारख्याला नजरेच्या उजवीकडचं सगळं दिसतं आणि डावीकडचं काहीच नाही. म्हणजे मी मान आणि डोळे मिळून ६० अंश डावीकडं नेले, तरी समोरचा रस्ता मला उजव्या कडेनं दिसतच राहतो. स्पष्ट नाही, पण काही हललं तर कळतं. म्हणजे आंधळ्या बाजूला बघण्यात नुकसान काहीच नाही! पण मी उजवीकडं, चांगल्या बाजूला बघितलं की समोरचा अख्खा रस्ता गायब. आपण घाबरतो डावीकडं बघायला आणि जीव जातो उजवीकडं बघताना. हे पुढं परत येणार आहे.

दुसरी गोष्ट आमच्या शेजारच्या काकांनी सांगितली, जन्मभर बोटीवर होते. म्हणाले, समुद्रात दुसरी बोट आपल्याला सारखी एकाच कोनात दिसत राहिली आणि फक्त मोठी होत गेली की समजायचं टक्कर होणार. रस्त्यावर पण तेच. समजा तुम्ही ताशी १२ किलोमीटरनं चाललाय आणि डावीकडच्या बोळातून मोटरसायकल २४ नं येतीये, आणि दोघं एकाच वेळी कोपऱ्यावर पोचणार. पाच सेकंद आधी तुम्ही कोपऱ्यापासून १७ मीटरवर, ती ३३ मीटरवर, म्हणजे ती तुमच्या डावीकडं साधारण ६३ अंशांवर. दोन सेकंद आधी? तरीपण ६३ अंशांवर. आदळेपर्यंत ६३. जी गाडी तुम्हाला धडकणार नसते ती सरकत सरकत कधीतरी नजरेत येते, आणि जी धडकणार असते ती भोकातच बसून राहते. हे डोक्यात शिरलं तेव्हा अंगावर काटा आला माझ्या. नुसते डोळे फिरवून ६३ अंशांपर्यंत जाता येत नाही, मान वळवावीच लागते.

बॉस्टनच्या डॉ. एली पेलींनी काढलेला प्रिझमचा चष्मा असतो, आंधळ्या बाजूच्या काचेवर वर आणि खाली प्रिझमच्या पट्ट्या बसवतात आणि तिकडचं चित्र दिसणाऱ्या बाजूला सरकवून दाखवतात. मी वापरलेला नाही. घेणार असाल तर डॉक्टरांना विचारून आणि आधी बरेच दिवस पायी, सायकलवर एकदम नको.

सायकल आणि अंगावरचं सामान

गियरची वाकून चालवायची सायकल असेल तर भाच्याला देऊन टाका. वाकलं की मान नीट वळत नाही. सरळ हँडलची, ताठ बसायची सायकल पाहिजे, सीट इतकी खाली की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. मी लेडीज सायकल घेतली. मित्र हसले, हसू देत, मधला दांडा नसल्यामुळं घाईत उतरताना टांग मारावी लागत नाही आणि ते महिन्यातून दोनदा तरी उपयोगी पडतं.

आरसा उजव्या हँडलला, कारण मागची वाहनं उजवीकडनं ओव्हरटेक करतात. बहिर्गोल आरशात गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते हे लक्षात ठेवा. आणि आरसा म्हणजे गेलेल्या फील्डची भरपाई नाही, तो मागचं दाखवतो, बोळातलं नाही.

चष्मा! हे कोणी सांगत नाही. चाळिशीनंतर आपण सगळे प्रोग्रेसिव्ह नाहीतर बायफोकल लावतो, त्याचा खालचा भाग वाचायचा असतो, त्यातनं खाली बघितलं की पुढच्या चाकाजवळचा खड्डा धूसर दिसतो. खालचं फील्ड गेलेल्यांना तर हे दुहेरी संकट. सायकलसाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या, बारीक फ्रेमचा, जाड काड्यांचा नको, त्या कडेचं झाकतात. हेल्मेटखाली टोपी घालायची असेल तर तिची झापड वरचं फील्ड खाते का बघा.

मोठी घंटी, पोपटी जॅकेट, पुढं पांढरा मागं लाल दिवा, दिवसासुद्धा. आणि कानात काही घालायचं नाही. आता कान हाच माझा डावा डोळा आहे. पण इलेक्ट्रिक स्कूटर आवाज करत नाहीत, त्यामुळं कानावर पण पूर्ण भरवसा नाही.

मैदानात तीन आठवडे

मान डावीकडं वळली की हँडल पण डावीकडं जातं, हे लहान पोरांचं होतं तसंच आपलं होतं. मैदानावर चुन्याची सरळ रेघ मारा, तिच्यावरून चालवत दर दोन-तीन सेकंदांनी डावीकडं बघा आणि रेघ सोडू नका. सुरुवातीला मी अशी नागमोडी चालवत होतो की बघणाऱ्याला वाटावं घेऊन आलोय. खांदे सैल सोडायचे आणि वळताना फक्त मान, धड नाही.

रेघ जमली की मुलाला आंधळ्या बाजूला उभं करा, त्यानं बोटं दाखवायची आणि तुम्ही जाता जाता आकडा ओरडून सांगायचा. मग पाण्याच्या बाटल्या आडव्यातिडव्या ठेवा. मग त्यानं फुटबॉल बाजूनं सोडायचा, न सांगता. ब्रेक दाबून थांबता आलं पाहिजे, वळवून चुकवायचं नाही, कारण चुकवून तुम्ही कुठं जाणार? जिकडं दिसत नाही तिकडंच.

वेग ताशी १२. या वेगाला सेकंदाला तीन-साडेतीन मीटर जातो आपण, म्हणजे दोन नजरांच्या मध्ये नऊ-दहा मीटर. २० ला गेलात की तेच सतरा मीटर होतं आणि सतरा मीटरमध्ये काय पण येतं. मागनं शाळेतली पोरं पुढं गेली तरी जाऊ द्यायची.

रस्त्यावर

पहिले दोन महिने एकच रस्ता. मी हरिपूरचा घेतला, सकाळी सातला, सपाट आहे, ओळखीचा आहे. आधी तो पायी चालून प्रत्येक डावा बोळ, प्रत्येक गेट पाठ केलं. रस्त्यावर झाडांची सावली आहे, छान वाटतं, पण ऊन-सावलीच्या तुकड्यांत खड्डा लपतो, तिथं आणखी हळू.

कडेला चिकटून चालवायची नाही. सगळे सांगतात डावीकडनं जा, पण माझ्यासारखा डाव्या कडेला चिकटला की त्याच्या भोकात आणि गटारात एक फूट पण अंतर उरत नाही. कडेपासून मीटरभर आत, उभ्या चारचाकीपासून दीड मीटर, म्हणजे दार उघडलं तरी लागू नये. मागनं हॉर्न वाजवतील. वाजवू देत, हॉर्न वाजवतोय म्हणजे त्याला तुम्ही दिसलाय. उजवी गेलेल्यांनी मात्र आणखी आत सरकायची हौस करू नये, त्यांनी आरशाकडं नजर टाकायची सवय लावायची आणि मोठी वाहनं असलेले रस्तेच टाळायचे.

चौकात पाय टेकायचा. सिग्नल हिरवा असला, रस्ता मोकळा वाटला तरी टेकायचा. आधी आंधळी बाजू, मग चांगली, मग परत आंधळी, आणि ही दुसऱ्यांदा बघायची आंधळी सोडायची नाही, कारण चांगल्या बाजूला बघत होतात तेवढ्या वेळात तिकडं काय आलं ते तुम्हाला ठाऊक नाही. मी तोंडानं म्हणतो, 'डावं, उजवं, डावं'. लोक बघतात. बघू देत.

उजवं वळण चालत्या सायकलवर घ्यायचंच नाही. वर सांगितलं ते आठवा, उजव्या खांद्यावरून मागं बघितलं की समोरचा रस्ता पूर्ण जातो. सेकंदभर का असेना, तुम्ही डोळे मिटून सायकल चालवताय. माझी दुसरी धडक अशीच झाली, पुढचा रिक्षावाला थांबला होता आणि मी मागं बघत होतो. तेव्हापासून डावीकडं थांबतो, उतरतो, सायकल हातात धरून माणसासारखा रस्ता ओलांडतो. उजवी गेलेल्यांना मागं बघताना समोरचं थोडं दिसत राहील, पण येणारं वाहन मान पूर्ण वळेपर्यंत दिसणार नाही, तेव्हा त्यांनी पण उतरावं.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर मी सायकल चालवत नाही. पूल १९२९ चा, तेव्हाच्या रहदारीच्या मापाचा, त्यात आजची गर्दी, आणि चुकलं तर सरकायला जागा नाही. उतरून चालत जातो.

सोबती असेल तर त्यानं माझ्या डावीकडनं चालवायची नाही, दिसत नाही आणि अंगावर जातो मी त्याच्या. पुढं चालवायची, किंचित उजवीकडं, म्हणजे तो मला दिसतो. शब्द आधी ठरवून ठेवायचे, लांबलचक वाक्यं ऐन वेळी कळत नाहीत. आमचे तीनच आहेत, 'डावा', 'खड्डा' आणि 'थांब'. मित्र पहिल्या दिवशी "अरे मर्दा, ती बघ ती म्हैस" असं ओरडला, तोपर्यंत म्हैस मागं गेली होती.

अंधार, पाऊस, ऊस

आरपीवाल्यांनी आणि काचबिंदू वाढलेल्यांनी सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी घरात. बाकीच्यांनी पण तेच केलं तर बरं, समोरच्या हेडलाइटनं डोळे दिपले की उरलेलं फील्ड पण काही सेकंद कामातून जातं. पावसात चष्म्यावर थेंब आणि खड्ड्यात पाणी, म्हणजे खड्डा किती खोल ते कोणालाच दिसत नाही, आपल्याला तर अजिबात नाही. रेनकोटची टोपी डोक्यावर ओढली की दोन्ही बाजूंचं फील्ड कापड खातं, हे पहिल्या पावसात कळलं.

आमच्याकडं सगळ्यात मोठी भीती उसाची. हंगाम लागला की ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. ट्रॅक्टरचं तोंड पुढं गेलं की माणूस समजतो गेली गाडी, पण मागची ट्रॉली अजून यायची असते, आणि वळणावर ती आतल्या बाजूला घासत येते. ट्रॅक्टरचा आवाज आला की मी रस्ता सोडून खाली उतरतो, दोन्ही ट्रॉल्या गेलेल्या डोळ्यांनी मोजतो, मगच परत चढतो.

ज्यांचं फील्ड फारच कमी उरलंय

टँडेम, म्हणजे दोघांची सायकल. पुढं डोळस, मागं तुम्ही. पुण्याचे दिव्यांशु गणात्रा यांची दृष्टी १९ व्या वर्षी काचबिंदूनं गेली, आणि त्यांच्या ॲडव्हेंचर्स बियाँड बॅरिअर्स फाउंडेशननं मनाली ते खारदुंग ला टँडेमवरून मोहीम काढली, अंध आणि डोळस जोडीनं. पुढच्यानं ब्रेक, गियर, खड्डा सगळं तोंडानं आधी सांगत राहायचं एवढंच. मैदानातली रेघ तीन आठवड्यांत जमली नाही तर टँडेमकडं वळा, त्यात कमीपणा नाही.

वही

मी एक वही ठेवलीये. कुठं दचकलो, कुठल्या बाजूनं, किती वाजता, तेव्हा थकलो होतो का. दचकणं म्हणजे धडक नव्हे, 'अरे, हे कुठनं आलं' असं वाटलं की एक नोंद. महिन्यात दोन नोंदींपेक्षा जास्त झाल्या की आठवडाभर सायकल बंद आणि परत मैदानातली रेघ. पहिल्या महिन्यात चौदा होत्या, मागच्या महिन्यात एक. बऱ्याचशा संध्याकाळच्या निघाल्या, थकलेला मेंदू डावीकडं बघायचं विसरतो, म्हणून आता मी दुपारनंतर चालवत नाही. फील्ड टेस्ट डॉक्टर सांगतील तेव्हा परत, काचबिंदूवाल्यांनी तर चुकवायचीच नाही, कारण त्यांचं भोक वाढू शकतं आणि वहीतल्या जुन्या सवयी नव्या भोकाला पुरत नाहीत. नवीन काही दिसायला लागलं, चमक, डोकं दुखून धूसर, नाहीतर एखादी बाजू अचानक गेल्यासारखी, तर सायकल तिथंच लावायची आणि रिक्षानं सरळ दवाखान्यात. घरी फोन रिक्षात बसल्यावर करायचा.